पेशी-उपचारांना हवेत शिकलेले हात

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावात एखाद्या घरी रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले म्हणजे त्या घराचा पुढचा प्रवास जवळजवळ ठरलेला असतो. आधी जालना, तेथून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि तेथेही इलाज थकला की मुंबईचे परळ. या वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामी घरातील काही ना काही विकले जाते. आधी घरात ठेवलेला कापूस जातो, मग गोठ्यातील जनावरे जातात आणि अखेरीस जमिनीच्या तुकड्याची पाळी येते. शेतकरी कुटुंबाच्या कर्जबाजारीपणाची चर्चा करताना पाऊस, बाजारभाव आणि सावकार यांचा उल्लेख नेहमी होतो; आजारपणाचा मात्र त्या मानाने फारच कमी होतो.

या वाटेच्या शेवटी अलीकडे एक नवे दार उघडले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने ‘नेक्सकार-१९’ या देशी कार-टी पेशी-उपचाराला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. पवईची ही संस्था, टाटा स्मारक केंद्र आणि संस्थेच्याच आश्रयाने २०१८ साली उभी राहिलेली ‘इम्युनोअ‍ॅक्ट’ ही कंपनी या तिघांचे हे संयुक्त अपत्य. अन्य उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या विशिष्ट रक्तकर्करोगांसाठी ते वापरले जाते. अमेरिकेत अशाच प्रकारचा पहिला उपचार ऑगस्ट २०१७ मध्ये मान्य झाला तेव्हा त्याची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३ कोटी रुपये होती. भारतीय उपचाराची किंमत ४० लाख रुपयांच्या आसपास ठेवण्यात आली. तीन कोटींवरून चाळीस लाख ही उतरण विलक्षण आहे, यात शंका नाही. तथापि हसनाबादच्या कुटुंबाला तीन कोटी आणि चाळीस लाख या दोन्ही रकमा सारख्याच अशक्य वाटाव्यात, हेही तितकेच खरे आहे. शासनाच्या आरोग्य योजनांचे संरक्षण वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचे. उरलेले पस्तीस लाख कोठून यावयाचे, हा प्रश्न त्या नव्या दारावरच लिहिलेला आहे.

ही किंमत आणखी खाली यावयाची असेल तर कोणत्या मार्गाने येईल, याचा विचार करताना बहुधा पेटंट, आयात शुल्क आणि अनुदान यांचीच चर्चा होते. ती आवश्यकच आहे. परंतु या उपचारांच्या निर्मितीचे स्वरूप ध्यानात घेतले तर एक वेगळीच गोष्ट पुढे येते. येथे खरी टंचाई प्रशिक्षित माणसांची आहे आणि त्यांच्या शिक्षणाची तरतूद हा सार्वजनिक धोरणाचा विषय आहे.

एका माणसाचे औषध

सर्वसाधारण औषधाचे अर्थकारण सोपे असते. तापाच्या गोळीचे यंत्र एकदा बसले की पहिली गोळी आणि दहा लाखावी गोळी यांत काही फरक राहत नाही. जितके उत्पादन अधिक तितकी दर नगामागील किंमत कमी, हा मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचा नियम तेथे बिनबोभाट चालतो. पेशी-उपचारात हा नियम जवळजवळ उलटा होतो, कारण येथे औषधाचा कच्चा माल खुद्द रुग्णाच्या शरीरातून येतो.

रुग्णाचे रक्त एका यंत्रातून फिरवून त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढल्या जातात. त्यांतून टी-पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षक दलातील लढवय्या पेशी, निवडल्या जातात. मग त्यांना उद्दीपित करून, रोग पसरविण्याची शक्ती काढून घेतलेल्या विषाणूच्या मार्फत त्यांच्यात एक नवे जनुक पोचविले जाते. या जनुकामुळे टी-पेशीच्या पृष्ठभागावर एक नवा ग्राहक-रेणू तयार होतो आणि कर्करोगग्रस्त बी-पेशींवर असणारी ‘सीडी-१९’ ही खूण तो ओळखू लागतो. अशा बदललेल्या पेशी निर्जंतुक कक्षात काही दिवस वाढवितात, तपासतात, अतिशीत तापमानात गोठवितात आणि रुग्णालयात परत पाठवितात. तेथे थोड्या रसायनोपचारानंतर त्या रुग्णाला शिरेवाटे देण्यात येतात.

म्हणजे येथे एका रुग्णासाठी एक तुकडी, आणि ती तुकडी दुसऱ्या कोणाच्याही उपयोगाची नाही. दहा रुग्ण असतील तर दहा वेळा तेच काम आरंभापासून करावे लागते आणि दहाही पिशव्यांची ओळख, शुद्धता व जिवंतपणा यांची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. हातमोज्यावरील एखाद्या जंतूने तुकडी दूषित झाली तर ती फेकून द्यावी लागते. गोळ्यांच्या कारखान्यात एक घाणा वाया गेला तर दुसरा घालता येतो. येथे मात्र आधीच खंगलेल्या रुग्णाच्या पेशी पुन्हा मिळतील याची शाश्वती नसते, आणि मिळाल्या तरी तोवर रोग थांबून राहत नाही.

साहजिकच या उपचाराच्या खर्चात निर्जंतुक कक्ष, वाहक विषाणू, आयात द्रव्ये आणि गुणवत्तेच्या चाचण्या यांच्या जोडीने कुशल माणसांच्या वेळेचा वाटा मोठा असतो. बंदिस्त स्वयंचलित यंत्रे आली आहेत आणि त्यांनी हातांचे काम काही अंशी कमी केले आहे. तरीही पेशींची वाढ मंदावली तर ती का मंदावली, हे ओळखणारी दृष्टी यंत्राबरोबर पेटीतून येत नाही. ती कोणाच्या तरी हाताखाली, अनेक तुकड्या पाहून आणि काही तुकड्या बिघडलेल्या पाहून तयार होते. अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ साली ‘करता करता शिकणे’ हा उत्पादकतेचा एक मूलस्रोत म्हणून मांडला होता. पेशी-उपचार हे त्या सिद्धांताचे आजचे चपखल उदाहरण ठरावे.

किंमत उतरली ती कशी?

मुंबईत झालेले काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. परदेशात शिक्षण व संशोधन करून परतलेले डॉ. राहुल पुरवार २०१३ साली पवईच्या संस्थेत रुजू झाले. पेशींत जनुक घालण्याचे शास्त्र त्यांच्या प्रयोगशाळेत होते, पण रुग्ण नव्हते. टाटा स्मारक केंद्राकडे रुग्ण आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा दीर्घ अनुभव होता, पण पेशींच्या अभियांत्रिकीची शाखा नव्हती. डॉ. हसमुख जैन आणि डॉ. गौरव नरुला यांच्यासारखे तेथील चिकित्सक आणि पवईचे संशोधक यांनी वर्षानुवर्षे एकमेकांची भाषा शिकून घेतली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील अनुभवी संशोधकांचा सल्ला त्यांनी घेतला. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय बायोफार्मा मिशनमधून मानवी चाचणीसाठी १९ कोटी १५ लाख रुपयांचे साहाय्य मंजूर झाले. पवईत तयार झालेल्या पेशी ४ जून २०२१ रोजी खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ केंद्रात पहिल्यांदा रुग्णाला देण्यात आल्या. पुढे २०२५ साली ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मूल्यमापन होऊ शकलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांत उपचाराला प्रतिसाद आढळला.

या आकड्याचा अर्थ नेमका समजून घेतला पाहिजे. प्रतिसाद म्हणजे कायमचे बरे होणे नव्हे. काही रुग्णांत रोग उलटतो, काहींत प्रतिकारशक्तीचा अतिरेकी क्षोभ होऊन प्रकृती धोक्यात येते, आणि हा उपचार प्रत्येक कर्करोगावर चालत नाही. परंतु ज्यांच्यासाठी दुसरा मार्गच उरला नव्हता अशांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

हे काम झाले ते परदेशी तयार वस्तू विकत आणून झाले नाही. वाहक विषाणू येथे तयार झाला, पेशी वाढविण्याची रीत येथे बसविली गेली आणि ती बसविता बसविता काही तरुण मुलेमुली तयार झाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने याहून निराळा मार्ग चोखाळला. रुग्णालयाच्या आवारातच, बंदिस्त यंत्राच्या साहाय्याने, सुमारे नऊ दिवसांत पेशी तयार करून त्या त्याच आवारात रुग्णाला देण्याचा छोटा अभ्यास तेथे झाला आणि त्याचे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. एक मार्ग मध्यवर्ती कारखान्याचा, दुसरा रुग्णालयातील निर्मितीचा. दोन्ही मार्गांवर शिकलेल्या हातांवाचून पाऊल पुढे पडत नाही. किंबहुना दुसऱ्या मार्गावर त्यांची गरज अधिकच आहे, कारण तेथे प्रत्येक रुग्णालयाला स्वतंत्र पथक लागेल.

शिकून आलेल्यांची परंपरा

महाराष्ट्राला ही वाट नवीन नाही. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि पुढे अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊती-संवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. १९५१ साली ‘हेला’ ही जगप्रसिद्ध मानवी पेशीमालिका जेथे वाढली तीच ही प्रयोगशाळा. परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवण्याची विद्या अशा रीतीने मराठी मातीत आली. डॉ. सुरेश अडवाणी यांनी सिअ‍ॅटलला अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे शिक्षण घेतले आणि १९८३ साली टाटा रुग्णालयात भारतातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. पुण्यात १९८६ साली मंजूर झालेल्या प्राणिपेशी व ऊती-संवर्धनाच्या राष्ट्रीय सुविधेचे रूपांतर पुढे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात झाले. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीमालिका पुरविण्याचे काम ते करते.

याच मालिकेत पिंपरीचे उदाहरण अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्या काळी पेनिसिलिन हेही परदेशी बोटीने येणारे महाग औषध होते. तेथे बुरशीच्या किण्वनाची रीत शिकलेले तंत्रज्ञ पुढे खासगी उद्योगांतही गेले. त्या कारखान्याची पुढील दशकांतली आर्थिक अवस्था कशीही झालेली असो, औषधनिर्मितीची शाळा म्हणून त्याने बजावलेले कार्य ताळेबंदाच्या रकान्यात कधीच दिसले नाही. ज्ञानाचा हा लाभ मालकाच्या खात्यात न जाता समाजाच्या खात्यात जमा होतो, आणि म्हणूनच खासगी हिशेबात तो नेहमी कमी धरला जातो.

जालन्याचा स्वतःचा धडा

मुंबई, पुणे आणि पिंपरी येथील उदाहरणे ऐकून हसनाबादचा वाचक म्हणेल, हे सर्व शहरातले, आमच्याकडे काय? जालना जिल्ह्याकडे या प्रश्नाचे स्वतःचे उत्तर आहे आणि ते शेतात आहे.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच ‘महिको’, स्थापन केली. संकरित बियाणे ही त्या वेळी सामान्य शेतकऱ्याला नवलाची वस्तू होती. हे बियाणे एखाद्या बंद कारखान्यात तयार होणे शक्य नव्हते. ते शेतातच तयार व्हावयाचे होते. म्हणून शेतकऱ्यांना शिकवावे लागले. पायाभूत बियाणे कसे पेरावे, नर आणि मादी ओळी कशा ठेवाव्यात, परक्या परागापासून पीक किती अंतरावर ठेवावे, भेसळीचे झाड कसे ओळखून उपटावे. कपाशीच्या क्रॉसिंगमध्ये संध्याकाळी मादी झाडावरच्या कळीतील पुंकेसर अलगद काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचा पराग तिच्यावर लावायचा. हे काम मुख्यतः स्त्रियांच्या हातांनी होते. एका कळीत चूक झाली तर एका बोंडाचे नुकसान. एका ओळीत चूक झाली तर सगळा लॉट नापास. जालना जिल्हा आणि शेजारचा देऊळगावराजा परिसर बीजोत्पादनासाठी ओळखला जातो तो या हातांच्या शिक्षणामुळे. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या सन्मानात खेड्यापाड्यांतील या शिकलेल्या हातांचाही वाटा होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

बीजोत्पादन आणि पेशी-निर्मिती यांतील साम्य वरवरचे नाही. दोन्हींत जिवंत वस्तू वाढवावयाची असते, दोन्हींत विलगीकरण आणि शुद्धता हाच प्राण असतो, दोन्हींत प्रत्येक लॉटची नोंद ठेवावी लागते आणि दोन्हींत प्रयोगशाळेची परीक्षा उतरल्यावाचून माल पुढे जात नाही. मुख्य म्हणजे, ज्या कामाला फार मोठी पदवी लागते असे समजले जाते त्यातील बराचसा भाग काळजीपूर्वक शिकविल्यास सामान्य शिक्षणाच्या माणसांनाही करता येतो, हे या जिल्ह्याने दाखविले आहे.

याच शेताने दुसरा, कडू धडाही दिला आहे. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. संकरित वाण येथील होते. कीडरोधक जनुकाचे तंत्र मात्र अमेरिकी मोन्सँटो कंपनीचे होते आणि ते महिकोबरोबरच्या संयुक्त कंपनीमार्फत परवान्यावर दिले जात होते. आरंभीच्या वर्षांत ४५० ग्रॅमच्या पाकिटामागे सुमारे १,२५० रुपये केवळ या जनुकाचे शुल्क म्हणून द्यावे लागत. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी नियंत्रण आयोगाकडे दाद मागितल्यावर २००६ साली पाकिटाची एकूण किंमत ७५० रुपयांवर आली आणि पुढे डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कपाशी बियाण्याच्या किंमत-नियंत्रणाचा आदेश काढला. म्हणजे शिकलेले हात असून भागत नाही. ज्ञानाचा मूळ भाग दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर मजुरी आपली आणि भाव त्याचा, अशी स्थिती होते. पेशी-उपचारांच्या बाबतीत वाहक विषाणू, पेशीवर्धक द्रव्ये आणि यंत्रातील एकदाच वापरून फेकावयाचे संच हे सर्व आयात होत राहिले तर किंमत एका मर्यादेखाली येणार नाही. प्रशिक्षणाचा अर्थ केवळ यंत्राची कळ दाबण्यास शिकविणे एवढाच घेतला, तर मराठवाड्याला या नव्या उद्योगात मजुराचेच स्थान मिळेल.

शिक्षणाचा खर्च कोणाचा?

येथे एक स्वाभाविक प्रश्न उपस्थित होतो. कंपन्यांना कुशल माणसे हवी असतील तर त्यांनीच ती तयार करावीत. सरकारने त्यात का पडावे? याचे उत्तर गॅरी बेकर यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या मानवी भांडवलाच्या विवेचनात सापडते. एकाच कारखान्यात उपयोगी पडणारे कौशल्य मालक आनंदाने शिकवितो. कोणत्याही कारखान्यात उपयोगी पडणारे कौशल्य शिकविण्यास तो कचरतो, कारण शिकलेला माणूस उद्या शेजारच्या कारखान्यात जाणार असतो. निर्जंतुक कक्षात काम करण्याचे कौशल्य दुसऱ्या प्रकारचे आहे. परिणामी प्रत्येक कंपनी दुसरीने शिकविलेला माणूस पळविण्याच्या प्रतीक्षेत राहते आणि एकूण शिक्षण गरजेहून कमी होते.

प्रगत देशांनी हे ओळखले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०१७ साली अटलांटाच्या जॉर्जिया टेक या संस्थेत पेशी-निर्मितीच्या तंत्रज्ञानासाठी एक अभियांत्रिकी संशोधन केंद्र स्थापन केले आणि त्यासाठी सुमारे २ कोटी डॉलरची तरतूद केली. अनेक विद्यापीठे व उद्योग त्यात सहभागी झाले आणि संशोधनाबरोबर मनुष्यबळाचे शिक्षण हाही त्याचा उद्देश ठरविण्यात आला. ब्रिटनने २०१८ साली लंडनच्या उत्तरेस स्टीव्हनेज येथे अनेक कंपन्यांनी सामायिकपणे वापरावयाचे निर्मिती केंद्र उघडले आणि प्रगत उपचारांसाठी शिकाऊ उमेदवारीची योजना आखली. शाळा संपवून आलेला तरुण पगार घेत काम शिकतो आणि त्याबरोबर पदवीही मिळवितो, असे तिचे स्वरूप. उमेदवारी ही कल्पना आपल्याला अपरिचित नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा भारतात १९६१ पासून आहे. फिटर आणि वायरमन यांच्यासाठी जे घडले ते पेशी-तंत्रज्ञांसाठी का घडू नये?

आधी पाणी, मग प्रयोगशाळा?

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टरची जागा रिकामी असते, तोंडाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच ओळखला जात नाही. अशा प्रदेशात चाळीस लाखांच्या उपचाराची चिंता ही चैन नव्हे काय? हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. पैसा एकच असेल आणि निवड करावीच लागणार असेल तर लवकर निदानावरचा रुपया अधिक जीव वाचवील, हे कबूल केले पाहिजे. कार-टी उपचारासाठी जालन्यात मोठा कारखाना काढावा, अशी मागणीही कोणी करू नये. गोठविलेल्या पेशी विमानाने जाऊ शकतात. कारखाना कोठे असावा हे खर्चाच्या हिशेबाने ठरावे.

परंतु प्रशिक्षणाचा खर्च वेगळ्या प्रकारचा असतो. निर्जंतुक रीतीने काम करणे, तुकडीची नोंद ठेवणे, चाचणीचा निष्कर्ष पडताळणे ही विद्या लसनिर्मितीत, रक्तपेढीत, रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत आणि औषधांच्या तपासणीतही उपयोगी पडते. पेशी-तंत्रज्ञ म्हणून शिकलेली मुलगी जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीची गुणवत्ताही सुधारू शकेल. ज्या कमल रणदिवे यांनी पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली त्यांनीच पुढे अहमदनगर परिसरातील आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास केला. प्रयोगशाळा आणि खेडे यांत वैर मानण्याचे कारण त्यांना दिसले नाही.

आणखी एक कारण आहे. ज्या समाजाला पेशी-उपचार म्हणजे काय हे ठाऊक नसते, त्याला ‘स्टेम सेल’च्या नावाखाली काहीही विकता येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तनिर्मितीच्या मूलपेशींचे ठराविक रोगांसाठीचे प्रत्यारोपण वगळता बाकीचे मूलपेशी-उपचार चाचणीच्या चौकटीबाहेर देऊ नयेत असे बजावले, आणि २०१९ च्या नियमांनी पेशीजन्य उत्पादनांना नव्या औषधांच्या कक्षेत आणले. नियम कागदावर आहेत. ते पाळले जातात की नाही हे पाहणारे निरीक्षक, आणि गुडघेदुखीपासून मधुमेहापर्यंत सर्वांवर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या इंजेक्शनाविषयी शंका घेणारे शिक्षक व डॉक्टर, हेही प्रशिक्षणातूनच यावयाचे आहेत.

करता येण्याजोगे

सुदैवाने सामग्री अगदीच नाही असे नव्हे. जुनी पिढी जिला ‘यूडीसीटी’ म्हणून ओळखते त्या मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल २०१८ पासून जालन्यात सुरू आहे. २०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. छत्रपती संभाजीनगरला कर्करोग रुग्णालय आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. अभियांत्रिकी, रुग्ण आणि जीवशास्त्राचे पदवीधर, या तिन्ही गोष्टी एकमेकांपासून दोन तासांच्या अंतरात आहेत. पवई आणि परळ यांनी एकत्र येऊन जे केले त्याची लहान आवृत्ती येथे अशक्य मानण्याचे कारण नाही.

पहिले पाऊल म्हणून या संस्थांनी मिळून सूक्ष्मजीवशास्त्र व जैवतंत्रज्ञानाच्या पदवीधरांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम आखावा आणि त्यातील निम्मा काळ प्रत्यक्ष निर्मिती केंद्रात उमेदवारीसाठी ठेवावा. विद्यावेतनाचा भार शासन आणि उद्योग यांनी वाटून घ्यावा, म्हणजे पळवापळवीची भीती कमी होईल. दुसरे, वाहक विषाणू आणि पेशीवर्धक द्रव्ये देशात तयार करण्याच्या संशोधनाला या अभ्यासक्रमाशी जोडून घ्यावे. बीटी कपाशीने शिकविलेला धडा हाच आहे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्या उपचाराच्या संशोधनात आणि मनुष्यबळाच्या शिक्षणात करदात्याचा पैसा लागला आहे त्याच्या किमतीविषयी करारातच अट असावी. ठराविक संख्येने सार्वजनिक रुग्णालयांतील रुग्णांना आरोग्य योजनेच्या दरात उपचार मिळालाच पाहिजे. पुढच्या टप्प्यावर अनुभव वाढेल, तुकड्या कमी फुकट जातील, तसतसा दर उतरविण्याचे बंधनही त्यात हवे. करता करता शिकण्याचा लाभ केवळ भागधारकांना न मिळता रुग्णापर्यंत पोचावा, एवढाच या अटीचा अर्थ.

शासनाने यांपैकी काहीच केले नाही तरी पेशी-उपचार थांबणार नाहीत. मुंबई, बंगळूर आणि हैदराबाद येथे केंद्रे वाढतील, यंत्रे सुधारतील आणि ज्यांना परवडतात त्यांना उपचार मिळत राहतील. हसनाबादचे कुटुंब त्या दारापर्यंत पोचेल आणि किंमत ऐकून परत फिरेल. त्याच कुटुंबातील मुलगी भोकरदनच्या किंवा जालन्याच्या महाविद्यालयात विज्ञानाची पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेच्या जाहिरातीची वाट पाहत बसलेली असेल. तिच्या आईने कदाचित संध्याकाळच्या उन्हात कपाशीच्या शेकडो कळ्या एकही न दुखविता हाताळलेल्या असतील. त्या हातांतील काळजी आणि त्या मुलीची पदवी यांना एकत्र आणणारे शिक्षण उभे करण्यास लागणारा पैसा मोठा नाही. तो न खर्चिण्याची किंमत मात्र त्या घराने आजवर जमीन विकून मोजली आहे.